दस्त्यावरची खार

आजोबांनी आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, मग तळघरातून रायफल आणून त्यावर आडवी ठेवली. नळीचं तोंड खिडकीबाहेरच्या बांधाकडं. "तीन गोळ्या सुटतात, चौथी अडकते," ते म्हणाले. "मागच्या वर्षी दहावी अडकायची."

आजोबा नात्यानं माझे कोणी नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, मोहॉक नदीच्या खोऱ्यात आमचं घर आहे आणि कुंपणापलीकडं त्यांचं शेत. सगळं आयुष्य त्यांनी दुधाच्या धंद्यात काढलं. आता गाई विकून टाकल्यात, गवत दुसऱ्याला कापायला दिलंय, पण माळ अजून त्यांच्या नावावर आहे आणि त्या माळात ग्राउंडहॉग बिळं पाडतात. आपल्या घुशीच्या कितीतरी पट मोठा, लठ्ठ प्राणी. त्याच्या बिळात गाईचा पाय गेला की मोडतो, ट्रॅक्टरचं पुढचं चाक गेलं की चालवणारा फेकला जातो. या रायफलीनं आजवर तेवढंच काम केलं आहे.

त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'दुरुस्ती'. "तिकडं वस्तू फेकून देतात असंच आम्ही ऐकतो," ते म्हणाले. "कोणी काही दुरुस्त करत असेल तर जाऊन बघा आणि लिहा." मी चांभार, घड्याळजी, शिलाई मशीनवाला असे विचार करत बसले होते. बंदुकीवर लिहावं असं मनातही नव्हतं. या देशात बंदूक म्हटलं की पोटात गोळा येतो. माझी मुलगी पहिलीत असल्यापासून शाळेत दिवे मालवून, दाराला कडी लावून कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव करत आली आहे. पण टेबलावर पडलेल्या त्या वस्तूकडं बघताना माझी नजर दस्त्याच्या मुठीपाशी अडली. तिथं लाकडात दाबून उमटवलेली एक खार होती. शेपटी वर केलेली. हाताच्या घामानं आणि घासण्यानं तिचं तोंड पुसट झालं होतं, शेपटी मात्र ठसठशीत.

"चला," मी म्हटलं, "मी गाडी काढते."

पॉइंट टू-टू

साताऱ्याला कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. वार्षिक शिबिरात फायरिंगचा दिवस यायचा तेव्हा पहाटेपासून कुणाला भूक लागायची नाही. आमच्या हातात यायची ती हीच, पॉइंट टू-टू. फरक इतका, की ती बोल्ट ॲक्शनची होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं मागं ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडायची, पुन्हा पुढं ढकलायचा. गोळ्या मोजून मिळायच्या आणि पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. एक कमी भरली तर अख्खी तुकडी गवतात गुडघे टेकून शोधत बसायची. संध्याकाळी पुलथ्रूच्या दोरीला चिंदी अडकवून नळी साफ करायची. चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत उस्ताद सोडत नसत.

त्या काडतुसाचं नाव पॉइंट टू-टू लाँग रायफल. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं ते १८८७ मध्ये आणलं आणि आजही ते जवळजवळ त्याच रूपात मिळतं. शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, म्हणजे जेमतेम पाव तोळा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच काडतुसावर. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली तीही याच काडतुसावर. मराठी माणसाचं या चिमुकल्या पितळी पुंगळीशी असलेलं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे.

या पुंगळीच्या बुडाशी मधोमध टोपी नसते. मोठ्या काडतुसात ती असते आणि तिच्यावर पिन आदळते. इथं पुंगळीच्या तळाला जी बारीक कड दुमडलेली असते, तिच्या पोकळीतच स्फोटक मसाला गरगर फिरवून बसवलेला असतो. पिन त्या कडेला नळीच्या काठावर चिमटते आणि ठिणगी पडते. म्हणून याला रिमफायर म्हणायचं. कड चिमटायची तर पुंगळीचा पत्रा पातळच हवा. पत्रा पातळ म्हणून आतला दाब बेताचा, दाब बेताचा म्हणून काडतूस स्वस्त, आणि स्वस्त म्हणून शेतकऱ्याच्या, पोरांच्या, सराव करणाऱ्यांच्या हाती आलं. पातळ पुंगळी एकदा चिमटली की पुन्हा भरता येत नाही, तिचा जन्म एकदाच.

दाराला कडी नाही

बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं दुकान म्हणजे घरामागचं गॅरेज. बाहेर पाटी नाही. आत सरकारी परवाना चौकटीत लावलेला, एक लेथ, दोन शेगडे, आणि भिंतभर छोटे खण. माणूस सत्तरीच्या पुढचा, हातांची नखं कायमची काळवंडलेली. आजोबांची आणि त्याची जुनी ओळख असावी, कारण नमस्कार-चमत्कार काही झाले नाहीत.

"रिकामी आहे?" त्यानं विचारलं.

"रिकामी आहे," आजोबा म्हणाले.

कारागिरानं मान हलवली, पण आपला क्रम सोडला नाही. नळी वाळूच्या बादलीकडं वळवली. नळीखालच्या लांब नळकांड्यातून, जिथं गोळ्या एकामागं एक भरतात, तिथून आतली पितळी नळी उपसून काढली. बोल्ट मागं ओढला. टॉर्च मारली. मग बारीक चिमट्यानं आतून एक काडतूस बाहेर काढून टेबलावर उभं ठेवलं. भरलेलं, जिवंत. आम्ही गाडीतून पंचवीस मैल आणलेलं.

आजोबांचा चेहरा पडला. कारागीर त्यांना काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "अडकलेली हीच ती चौथी. नळकांडं रिकामं झालं म्हणजे रायफल रिकामी झाली असं या जातीत होत नाही. एक मधल्या पाळण्यात लपून बसते." मला आमच्या उस्तादांची 'खाली कर' ही आरोळी आठवली. त्या वेळी दहा-दहा वेळा तेच काय करून घेतात, असं वाटायचं.

दस्त्याखालचे दोन स्क्रू सोडवल्यावर लाकूड बाजूला झालं आणि यंत्र उघडं पडलं. मग त्यानं मला जवळ बोलावून दाखवायला सुरुवात केली. चाळीस-पन्नास वर्षं एकच काम केलेला माणूस दाखवतो तसं, बोटानं कमी आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं जास्त.

ही रायफल अर्धस्वयंचलित. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप नळीत येऊन बसते. ते कसं होतं? मोठ्या रायफलीत गोळी सुटताना बोल्ट खाचेत घट्ट अडकवलेला असतो. इथं तसं काही नाही. घराच्या दाराला कडी न लावता आतून जातं टेकवून ठेवावं, तसा हा बोल्ट नुसता आपल्या वजनावर आणि एका स्प्रिंगेच्या जोरावर नळीच्या तोंडाशी टेकलेला असतो. बार उडाला की तोच जोर गोळीला पुढं ढकलतो आणि पुंगळीला मागं. गोळी हलकी, ती झटकन निघून जाते. बोल्ट जड, तो सावकाश हलतो. 'सावकाश' म्हणजे सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यानं, पण तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडलेली असते आणि दाब उतरलेला असतो. मग बोल्ट मागं जाताना पुंगळीला नखानं धरून ओढतो, एका तारेवर आपटून बाहेर फेकतो, मागच्या भिंतीला धडकतो, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढं लोटते. दरम्यान नळकांड्यातून एक काडतूस पाळण्यात आलेलं असतं. रहाटाचं गाडगं वर यावं तसा पाळणा वर येतो आणि बोल्ट त्यातलं काडतूस नळीत सारतो.

"ही सगळी वेळ साधायची गोष्ट आहे," तो म्हणाला. "एकही भाग तुटलेला नसताना ती अडकू शकते. घाण साचली की बोल्ट थोडा उशिरा येतो, उशिरा आला की पाळणा आधी उठतो, आणि मग दोन काडतुसं एकाच दारातून घुसायला बघतात."

घाण तर होतीच. या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते, जळक्या दारूची काजळी आणि शिशाचा भुगा मिळून एक राप तयार होतो. त्यात आजोबांनी पंचेचाळीस वर्षं दर हिवाळ्याला वरून तेल ओतलेलं. तेल सुकून लाखेसारखं झालं होतं. कारागिरानं लाकडी काडीनं खरवडलं तेव्हा तपकिरी पापुद्रा निघाला.

आणि मग त्यानं मागच्या पिनेवरून एक पिवळट प्लास्टिकचा ठोकळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. सुपारीच्या खांडाएवढा, दोन तुकड्यांत. हा बफर. बोल्ट मागं येऊन ज्या भिंतीला धडकतो ती भिंत हीच. दर गोळीला एक धडक. प्लास्टिक वयानं ठिसूळ होतं, मग चिरतं, मग त्याचे कण यंत्रात फिरायला लागतात. "हा तुटला म्हणून वाईट वाटून घेऊ नका," कारागीर म्हणाला. "हा तुटतो म्हणून बाकीचं वाचतं."

शंभरातून वजा

बोल्टखालची धूळ पुसल्यावर क्रमांक दिसला. पहिले दोन आकडे २४. कारागिरानं तोंडानंच हिशेब केला: "शंभरातून चोवीस गेले, शहात्तर. १९७६." ही रायफल बनवणाऱ्या मार्लिन कंपनीनं १९७३ पासून ही युक्ती ठेवली होती. क्रमांकाचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की जन्मसाल. आजोबांना सालाचा विचार करावा लागला नाही. त्या वर्षी त्यांचा थोरला मुलगा जन्मला होता आणि दुधाच्या एका आठवड्याच्या चेकमधून ही घेतली म्हणून बायकोनं दोन दिवस अबोला धरला होता.

नळीवर नाव मार्लिन नव्हतं, ग्लेनफील्ड होतं. मार्लिन १८७० पासूनची, मूळची कनेटिकट राज्यातली. तीच रायफल साध्या लाकडाचा दस्ता लावून, त्यावर खार दाबून, ग्लेनफील्ड नावानं मोठ्या दुकानांतून स्वस्तात विकली जायची. आतलं यंत्र तेच, नळीतल्या सोळा उथळ पन्हळी त्याच. मॉडेल ६०, म्हणजे हीच रायफल, १९६० साली आली आणि एकूण एक कोटी दहा लाखांहून जास्त बनली. या काडतुसाच्या इतक्या रायफली दुसऱ्या कुठल्याच नमुन्याच्या विकल्या गेल्या नसतील.

आणि गोम इथंच आहे. वस्तू दुर्मिळ असती तर तिच्याभोवती संग्राहक जमले असते, तिचे भाग कोणीतरी हौसेनं घडवले असते. ही मुबलक. जुन्या बाजारात अशी रायफल दीडशे-दोनशे डॉलरला पडून असते. कारागिराच्या दोन-अडीच तासांच्या मजुरीत दुसरी येते. तरी तो ती दुरुस्त करतो आणि माणसं ती घेऊन येतात. मी त्याला स्पष्टच विचारलं, हिशेब कसा बसतो? तो म्हणाला, "बसत नाही. ज्याच्या घरात ही तीन पिढ्या आहे त्याला मी दुसरी घे म्हणून कसं सांगू? ती दुसरी असेल, ही नसेल."

कंपनीचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण भागांचा दुष्काळ तिथूनच सुरू झाला. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टननं मार्लिन घेतली. २०११ मध्ये नॉर्थ हेवनचा जुना कारखाना बंद झाला आणि काम आमच्या खोऱ्यातल्या इलियन गावी आलं. जुने कामगार यंत्रांसोबत आले नाहीत. मग रेमिंग्टनच दिवाळखोरीत गेली, एकदा २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये. त्या लिलावात मार्लिनचं नाव रुगर कंपनीनं सुमारे तीन कोटी डॉलरला घेतलं. रुगरनं सुरुवात केली ती मार्लिनच्या लिव्हर-ॲक्शन रायफलींपासून. खारीच्या रायफलीची जागा तिच्या घरात आधीच भरलेली होती. तिची स्वतःची १०/२२ त्याच काडतुसावर चालते, १९६४ पासून बाजारात आहे, आणि तिचे भाग कुठंही मिळतात. धंद्याच्या दृष्टीनं यात मला चूक दिसत नाही. पण कोटीभर रायफलींचं माहेर तुटलं.

खण, डबे आणि लिफाफे

आमच्या रायफलीला तीन गोष्टी हव्या होत्या: बफर, पाकळीसारखी एक चकती, आणि गोळी उचलणारा पाळणा, कारण त्याची कड झिजून गोल झाली होती. शिवाय बोल्टची लांब स्प्रिंग. ती केसासारखी मऊ असते. पूर्वी कोणीतरी उघडून पुन्हा बसवताना तिला मुरगळा पाडला होता. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे ते कोणीतरी कोण हे कळलं.

चकती सर्वांत सोपी. मराठी ळ उलटा धरावा तशी ती दिसते, पिनेच्या खाचेत बसते, आणि काढताना टुणकन उडून जाते ती परत सापडत नाही. कारागीर ती काढताना हात आणि रायफल दोन्ही एका पारदर्शक पिशवीत घालतो. त्याच्याकडं अशा चकत्यांची अख्खी बाटली होती.

बफर नवा मिळतो. मूळ साच्यातला नव्हे. पॉलियुरेथेनचा, छोट्या कारखानदारांनी बनवलेला, जुन्यापेक्षा टिकाऊ. ज्या भागाची गरज लाखो लोकांना एकदम पडते तो कोणी ना कोणी बनवतोच.

खरी शोधाशोध पाळण्याची. १९८० च्या दशकाच्या मध्यात मार्लिननं एक सुधारणा केली: शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागंच अडकून राहायचा, म्हणजे रायफल रिकामी झाल्याचं कळतं. सुधारणा चांगली, पण तिच्यासाठी आतले काही भाग बदलले. तेव्हापासून 'मॉडेल ६० चा भाग द्या' एवढं म्हणून चालत नाही, साल सांगावं लागतं. त्यात हीच रायफल वेगवेगळ्या दुकानांनी वेगवेगळ्या नावांनी विकलेली. वेस्टर्न ऑटोच्या दुकानात ती रेव्हलेशन नावानं मिळायची. रायफलवरचं नाव एक, आतला वंश दुसरा. सोयरीक जमवताना कुळी विचारावी तसं कारागीर एका जाड, तेलकट वहीत कोणाची बहीण कोणाच्या घरात दिली आहे ते बघतो.

पहिला पाळणा टपालानं आला तो चुकीचा. विक्रेत्यानं साल विचारलं होतं, आम्ही सांगितलं होतं, तरी नंतरच्या बनावटीचा निघाला. बारा दिवस गेले.

अशा भागांचं मोठं कोठार आमच्याच राज्यात, कॅट्सकिल डोंगरांच्या बाजूला आहे. न्यूमरिक गन पार्ट्स ही १९५० सालची कंपनी. बंद पडलेल्या कारखान्यांचा उरलासुरला माल विकत घ्यायचा, जुन्या बंदुका सोडवायच्या आणि एकेक पिन, एकेक स्प्रिंग वेगळी विकायची हा तिचा धंदा. तिच्या जाड पुस्तकात प्रत्येक बंदुकीचं एक चित्र असतं. त्यात सगळे भाग एकमेकांपासून सुटून हवेत तरंगत असतात आणि प्रत्येकाला क्रमांक. कारागिराच्या दुकानातलं ते पुस्तक पानं सुटून रबरबँडमध्ये आलंय. इथल्या कायद्यानं बंदूक म्हणजे फक्त तिचा मधला सांगाडा, ज्यावर क्रमांक कोरलेला असतो. १९६८ च्या कायद्यापासून त्या सांगाड्याची नोंद लागते, तो परवानेधारकाकडूनच येतो. बाकी सगळं, नळीसुद्धा, साध्या टपालानं दारात येऊ शकतं.

या नियमाची एक बाजू मला अस्वस्थ करते आणि ती लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. अनेक शहरांत पोलीस लोकांकडून बंदुका जमा करून घेतात, नष्ट करतो म्हणून सांगतात. २०२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं शोधून छापलं, की त्यांतल्या कित्येक बंदुकांचा फक्त सांगाडा चिरडला जातो. बाकीचे भाग संचाच्या रूपात विकले जातात. ज्या आईनं मुलाच्या मृत्यूनंतर ती बंदूक पोलिसांना नेऊन दिली, तिला हे ठाऊक नसतं. मी कारागिराला हे बोलून दाखवलं. त्यानं हातातलं काम थांबवलं. म्हणाला, तो तसे संच घेत नाही. मग खालचा खण उघडून दाखवला. त्यात सहा-सात मेलेल्या मॉडेल ६० होत्या. एकीचं आगीत लाकूड जळालेलं, एकीची नळी फुगलेली, एक तळघराच्या पुरात गंजलेली. मालकांनी स्वतः आणून दिलेल्या, नाव-गाव चिठ्ठीवर बांधलेल्या. आमचा पाळणा शेवटी पुरातल्या रायफलीत मिळाला. गंज वरवरचा होता, आणि क्रमांक २६ नं सुरू होणारा, म्हणजे १९७४ ची. आमच्याहून दोन वर्षांनी मोठी.

इलियन

कारागीर इलियनच्या कारखान्यात बत्तीस वर्षं होता. पहिला पाळणा येईपर्यंतच्या त्या बारा दिवसांत मी एका दुपारी तिकडं जाऊन आले.

गाव छोटं, नदी आणि डोंगर यांच्यात दाबलेलं. कारखान्याच्या लाल विटांच्या चारमजली इमारती गावाच्या मधोमध, घरांना खेटून उभ्या. रेमिंग्टन १८२८ पासून इथं होती. २०२४ च्या मार्चमध्ये दारं बंद झाली, सुमारे २७० माणसं घरी गेली आणि काम जॉर्जिया राज्यात हललं. मी गेले तेव्हा गाड्या लावायच्या मोठ्या पटांगणात फरशीच्या भेगांतून गवत वर आलं होतं.

फाटकापाशी उभी असताना मला आत्या आठवली. आत्या तहसील कचेरीत टंकलेखिका होती. तिनं परीक्षा दिली ती मराठीच्या रेमिंग्टन कळफलकावर, आणि आजही सरकारी टंकलेखनाची तयारी करणारी पोरं त्या कळफलकाला रेमिंग्टनच म्हणतात. तो शब्द आला इथून. १८७३ साली या बंदुकांच्या कारखान्यानं टंकयंत्र बनवायचा करार केला आणि पुढच्या वर्षी ती यंत्रं विकायला काढली. तो धंदा नंतर वेगळा झाला, नाव राहिलं. बारीक स्प्रिंगा, झिजणाऱ्या दांड्या, घट्ट बसणाऱ्या पिना, हे हात एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेले. आत्याच्या यंत्राचा 'क्ष' अडकायचा तेव्हा साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळचा एक दुरुस्तीवाला सायकलवरून यायचा. त्याच्याही पेटीत मेलेल्या यंत्रांचे दात आणि स्प्रिंगा असायच्या. तो हात टाकायच्या आधी यंत्राला कान लावून दोन-चार कळा मारायचा. परवा कारागिरानं बोल्ट कानाशी धरून मागं-पुढं केला तेव्हा मी चमकले होते.

परत येऊन त्याला सांगितलं, इलियनला गेले होते. त्यानं विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या फुटल्यात का?" मी नाही म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही.

फळीवरच्या दोघी

त्याच्या फळीवर आणखी दोघी दुरुस्तीची वाट बघत होत्या. एक विंचेस्टर १९०३, अमेरिकेत चाललेली ही पहिली अर्धस्वयंचलित रिमफायर. त्या काळी काळ्या दारूची काडतुसं सर्रास मिळत आणि त्यांच्या काजळीनं असं यंत्र लगेच गुदमरलं असतं. म्हणून विंचेस्टरनं या रायफलीसाठी वेगळंच, जरा जाड काडतूस काढलं, म्हणजे काळ्या दारूचं चुकूनही आत जाऊ नये. रायफल शंभर वर्षांनीही ठणठणीत आहे. काडतूस मात्र सहजासहजी मिळत नाही. १९०७ साली सॅन अँटोनियोला ॲड टॉपरवाइन नावाच्या नेमबाजानं याच मॉडेलच्या रायफलींनी हवेत फेकलेल्या ७२,५०० लाकडी ठोकळ्यांवर नेम धरला, चुकले फक्त ९.

दुसरी रेमिंग्टनची नायलॉन ६६. १९५९ सालची. दस्ता आणि सांगाडा दोन्ही ड्यूपाँटच्या नायलॉनचे, आणि नायलॉनवर बोल्ट घसरतो म्हणून तेलाची गरजच नाही. टॉपरवाइनचा विक्रम त्याच वर्षी टॉम फ्राय यानं हिच्यानं मोडला: १,००,०१० ठोकळे, चुकले ६. पण उघडलेली नायलॉन ६६ पुन्हा बसवायला कारागीर एक पूर्ण सकाळ राखून ठेवतो आणि त्या दिवशी फोन घेत नाही. बरेचदा ती त्याच्याकडं बुटांच्या खोक्यातून येते, सुट्या भागांची, वर मालकाची माफीची चिठ्ठी.

बसवणं

मी समजत होते, की भाग मिळाला की झालं. १९७४ चा पाळणा १९७६ च्या रायफलीत बसला, पण वर येताना एका बाजूला घासत होता. कारागिरानं त्याच्या बगलेला काळ्या मार्करनं रेघ मारली, बसवला, हलवला, काढला. जिथं रेघ पुसली तिथं बारीक दगडानं तीन-चार हात फिरवले. पुन्हा रेघ. असं अकरा वेळा. कानस त्यानं हातात घेतली नाही. "कानशीनं घेतलेलं परत लावता येत नाही," म्हणाला. आपल्याकडच्या शिकलगारांचे हात असेच चालत असतील.

नळीच्या काठावर एक बारीक दात उमटला होता. काडतूस नसताना चाप ओढत राहिलं की पिन नळीच्या कडेवरच आदळते आणि तिथलं लोखंड आत दबतं. मग पुंगळी ओढून काढताना अडते. त्यानं एक निमुळती गुळगुळीत पोलादी कांडी आत सारून, थोडं फिरवत, दबलेलं लोखंड मूळ जागी सारलं. काहीही कापलं नाही.

शेवटी स्प्रिंग. तिला आतल्या काडीवर ओवून, बोल्ट मागं धरून, सगळं एकदम सांगाड्यात उतरवायचं असतं. दोन हात कमी पडतात. त्यानं मला बोल्ट धरायला सांगितला. अंगठ्याला वंगण लागलं होतं, तो सटकेल की काय या भीतीनं मी श्वास रोखून धरला. टक् आवाज आला आणि सगळं जागेवर गेलं.

रायफल त्याच्याकडं एका दिवसाहून जास्त राहिली होती म्हणून बांधीव नोंदवहीत आल्याची नोंद होती. आता परत दिल्याची झाली. आजोबांनी या वेळी स्वतः बोल्ट मागं ओढला, टॉर्च मारली, आणि मग मला बघायला लावलं. घरी गेल्यावर तिला कुलपाची पेटी आणायची असं गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. आजवर ती तळघरात खुंटीवर असायची. नातवंडं आता चालायला लागली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळाच्या टोकाला, मातीच्या उंच बांधासमोर आम्ही गेलो. आजोबांनी कागदी ताटलीवर मधोमध टिंब काढून ती दांड्याला टोचली. नळकांड्यात एकेक करून अठरा गोळ्या सोडल्या. पितळी आवाज करत त्या आत उतरत गेल्या. मग त्यांनी पाय रोवले, दस्ता खांद्याला लावला, उजवा तळवा खारीवर टेकला.

पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला ते क्षणभर थांबले. मीही. चौथी सुटली. पुढं मग त्यांनी मोजलंच नाही. पुंगळ्या उजवीकडं उडून उन्हात चमकत गवतात पडत होत्या आणि बफरवर बोल्ट आदळल्याचा बारीक, बोथट ठोका प्रत्येक बाराखाली ऐकू येत होता.

शेवटी त्यांनी रायफल रिकामी करून, उघडी, कापडावर ठेवली आणि आम्ही दोघं गुडघ्यावर बसून पुंगळ्या वेचायला लागलो. मला मोजल्याशिवाय उठवेना. सतरा भरल्या. पुन्हा मोजल्या, सतराच. आजोबा म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, नाही जायचं. दहा मिनिटं गवत चाळलं. अठरावी त्यांच्या पँटच्या खालच्या दुमडीत बसलेली होती, अजून किंचित कोमट.